षष्ठीचे बिऱ्हाड

मुंबई उपनगर जिल्ह्यातील जमिनीचे जुने दस्तऐवज चाळण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्याला ‘मौजे’ या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही. खार स्टेशनाच्या पश्चिमेस, कार्टर रोड जिथे संपत येतो आणि जुहूची वाळू अद्याप सुरू झालेली नसते तिथे वसलेले जे कोळ्यांचे गाव लोकांच्या तोंडी खारदांडा म्हणून रुळले आहे, ते सरकारी दप्तरात ‘मौजे दांडा’ या नावाने मुक्रर होते. गावात राहणारा कोणीही स्वतःला मौजे दांड्याचा म्हणवीत नाही; तो शब्द फक्त कागदावर जगतो. पण त्याच्या अखेरच्या एकारात जी गंमत आहे ती ‘किल्ले रायगड’, ‘कसबे पुणे’, ‘परगणे साष्टी’ या साऱ्यांत सारखीच आहे. पुष्कळांना हा एकार आदरार्थी वाटतो, आणि रायगडाच्या बाबतीत तसे वाटण्यात कोणाचे काही बिघडतही नाही. वस्तुतः तो फारसी भाषेचा संबंधदर्शक स्वर आहे, ज्याला फारसी वैयाकरण इजाफत म्हणतात. ‘मौजा’ आणि ‘दांडा’ या दोन नामांची गाठ मारण्यासाठी तो पहिल्या नामाच्या शेवटी येऊन बसला, आणि तीनशे वर्षांच्या लेखनव्यवहारात इतका मुरला की आपण कोठून आलो याची त्याला स्वतःलाही आठवण उरली नाही.

दोन नामांमधील संबंध दाखवावयाचा तर प्रत्ययाने बिऱ्हाड कोणाच्या घरी करावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु जगातील भाषांनी त्याची जी निरनिराळी उत्तरे दिली आहेत ती पाहू लागले म्हणजे त्यात मन गुंतून राहते. मराठीने प्रत्यय मालकाकडे ठेवला. ‘दांड्याचा नाखवा’ म्हणताना ‘चा’ लागला तो दांड्याला. नाखव्याला काहीच लागले नाही. मात्र मालकाच्या घरी राहूनही हा प्रत्यय लक्ष ठेवतो ते मालमत्तेकडे, कारण नाखवा म्हटले की ‘दांड्याचा’, होडी म्हटली की ‘दांड्याची’ आणि बंदर म्हटले की ‘दांड्याचे’ असे त्याला बदलावे लागते. फारसीने उलट केले. तिने मालकाला कोरडे ठेवून वस्तूला स्वर चिकटविला. आणि तुर्की भाषेने, जिच्यासाठी हा लेखप्रपंच आहे, दोन्ही घरी बिऱ्हाड मांडले.

तुर्कीची आणि माझी गाठ पडली ती फोर्टातील पदपथावर मिळालेल्या जेफ्री लुइस यांच्या १९५३ सालच्या एका लहानशा शिकवणीवजा पुस्तकामुळे. ती भाषा बोलण्याची माझी योग्यता नाही आणि या वयात ती येईल अशी आशाही नाही. पण व्याकरण वाचण्यासाठी भाषा बोलता यावीच लागते असे नाही, हे संस्कृतच्या बाबतीत आपण पिढ्यान् पिढ्या सिद्ध केलेच आहे. तुर्कीत घराला ‘एव’ म्हणतात. माझे घर म्हणजे ‘एविम’, तुझे घर ‘एविन’, त्याचे, तिचे किंवा त्या कशाचेही घर ‘एवी’, आमचे घर ‘एविमिझ’ आणि तुमचे घर ‘एविनिझ’. मालकाचे स्वतंत्र सर्वनाम उच्चारण्याची गरजच नाही. मालकी घराच्या अंगातच भिनलेली असते. आता या मालकीच्या पाठोपाठ विभक्ती येते, मालकीच्या आधी कधी नव्हे: ‘एविमदे’ म्हणजे माझ्या घरात, ‘एविमदेन’ म्हणजे माझ्या घरातून, ‘एविमे’ म्हणजे माझ्या घराला किंवा घरी. अनेकवचनाचा ‘लेर’ या सर्वांच्या अगोदर, म्हणून ‘एव्लेरिमिझदेन’ म्हणजे आमच्या घरांतून. जे सांगायला मराठीला दोन शब्द लागतात, आणि त्यांतील पहिल्याला ‘आमचे’ सोडून ‘आमच्या’ व्हावे लागते, ते तुर्की एका दमात, एकेक प्रत्यय सरळ ओळीत लावून सांगते.

तुर्कीचे हे सरळपण मराठी माणसाला प्रथम हेवा वाटावा असे आहे. तिथे लिंगभेद नाही. तो, ती आणि ते या तिघांना मिळून ‘ओ’ हे एकच सर्वनाम पुरते. तिथे सामान्यरूप नाही. आमच्याकडे मासा हा प्रत्यय लागण्यापूर्वीच घाबरून ‘माशा’ होतो, पाण्याचे ‘पाणी’पण जाते, आणि ‘माशाला पाण्यात’ ही साधी दोन पदे परकीयाला शिकविताना शिक्षकाची त्रेधा उडते. तुर्कीतील नाम बहुधा जसेच्या तसे उभे राहते. बदलतो तो प्रत्ययाचा स्वर, आणि तोही नामातील स्वराशी जुळवून घेण्यासाठी: घरात ‘एवदे’, पण शाळेत ‘ओकुलदा’. मराठीत नाम प्रत्ययापुढे वाकते आणि तुर्कीत प्रत्यय नामापुढे वाकतो, एवढाच काय तो फरक. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले तेव्हा, आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपला प्रचंड ग्रंथ सिद्ध केला तेव्हा, दोघांच्याही डोळ्यांपुढे साचा होता तो संस्कृतच्या विभक्तींचा. त्यांतील एकाच्या तरी हाती एखादे तुर्की व्याकरण पडते तर आपल्या षष्ठीची त्याने काय कैफियत मांडली असती, हा विचार मला अधूनमधून सुखावतो. पाणिनीने संबंधाला कारकांच्या पंक्तीत बसविले नाही, आणि मराठीतील ‘चा-ची-चे’ हे रूप विशेषणासारखे वागत असल्यामुळे त्याला विभक्ती म्हणावे की नाही असा वाद आपल्या वैयाकरणांत झालेलाच आहे.

दोन्ही घरच्या बिऱ्हाडाचे उदाहरण पाहू. घराचे दार म्हणजे ‘एविन कापिसी’: घरालाही प्रत्यय, दारालाही प्रत्यय, जणू ‘घराचे दार-त्याचे’. मालक विशिष्ट नसला, म्हणजे अमुक घराचे नव्हे तर नुसते घरदार असे म्हणावयाचे असले, तर मालकाचा प्रत्यय गळून पडतो, वस्तूचा मात्र राहतो. इस्तंबूलचा प्रसिद्ध राजवाडा ‘तोपकापी सरायी’ हा अशाच रचनेचा आहे. ‘तोप’ म्हणजे आपली तोफ, ‘कापी’ म्हणजे दरवाजा, आणि ‘सराय’ म्हणजे जिचा राजवाडेपणा वाटेत हरवून आपल्याकडे जी वाटसरूंची धर्मशाळा झाली ती सराई. अखेरचा ‘ई’ म्हणजे ‘त्याची’. तोफ या शब्दाचे आडनाव तुर्की आहे हे आपल्याकडील कोशांतही नमूद असते, आणि विजापूरची जी तोफ अहमदनगरला १५४९ साली ओतली गेली तिचा ओतारी मुहम्मद बिन हसन हा ‘रूमी’, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला होता. तिचे नाव त्या काळच्या दरबारी रीतीप्रमाणे फारसी इजाफतीचे, ‘मलिक-इ-मैदान’, मैदानाचा राजा. मराठी जिभेने त्यातील ‘इ’ गिळला, मलिकाचा मुलूख केला आणि ‘मुलूखमैदान तोफ’ हा वाक्प्रचार फर्ड्या वक्त्यांसाठी राखून ठेवला. ‘मौजे’मध्ये जो स्वर टिकला तोच इथे बुडाला; कागदावर राहिलेले शब्द टिकतात आणि तोंडी गेलेले झिजतात, असे म्हणण्याचा मोह होतो, पण ‘किल्ले’ तर तोंडीही टिकला आहे, तेव्हा तो नियम मी मांडीत नाही.

तुर्की बोलणाऱ्यांचे आणि या किनाऱ्याचे नाते केवळ शब्दकोशातले नाही. सुलतान सुलेमानाचा दर्यासारंग सैदी अली रईस हा १५५४ साली बसऱ्याहून सुएझकडे आरमार नेत असता मस्कतच्या आसमंतात पोर्तुगीजांशी झुंजला, आणि पुढे वादळाने त्याची गलबते अरबी समुद्र ओलांडून दमण आणि सुरतेच्या किनाऱ्यावर आणून टाकली. परतीची जलमार्गाची आशा सुटल्यावर त्याने अहमदाबादेस हिंदी महासागराच्या नौकानयनावर ‘मुहीत’ नावाचा ग्रंथ लिहिला, मग खुष्कीने सिंध, दिल्ली, मध्य आशिया, इराण असे चालत तो १५५७ मध्ये स्वदेशी पोचला. दिल्लीस तो असतानाच हुमायून वारला. त्या दरबारात या उस्मानी खलाशाने मोगलांच्या घरच्या चगताई तुर्कीत गझला रचून वाहवा मिळविली होती. दमणच्या किनाऱ्यापासून दांड्याचे बंदर दर्यामार्गाने फार दूर नाही. त्याने या समुद्रातील ज्या वादळाचे वर्णन केले आहे त्याचे नाव हत्तीचे वादळ असे आहे. तुर्की वळणाने ते ‘फिल तूफानी’ होते: हत्तीला काही नाही, तुफानाला मात्र ‘त्याचे’ लागलेले. हस्त नक्षत्राच्या पावसाला आपल्याकडे हत्तीचा पाऊस म्हणतात आणि भोंडल्याच्या पाटावर हत्ती काढतात. या दोन हत्तींची सोयरीक जुळविण्याचा मोह जाणत्यांनाही झालेला आहे.

मोगलांच्या घरातून ती भाषा गेली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. बाबराने आपले आत्मवृत्त तुर्कीत लिहिले. नातवाच्या काळापर्यंत वाचणारे इतके कमी झाले की १५८९ साली अब्दुर्रहीम याने ते फारसीत उतरवून अकबराला सादर केले, आणि त्या अब्दुर्रहीमाची पदवी ‘खान-इ-खानान’ पुन्हा इजाफतीचीच. तुर्कीचे विभक्तिप्रत्यय हिंदुस्थानात रुजले नाहीत. एक मालकीप्रत्यय मात्र लपूनछपून राहिला. ‘बेग’ म्हणजे सरदार, आणि ‘बेगम’ या रूपातला ‘म’ हा ‘एविम’मधलाच ‘माझा’ होय अशी या शब्दाची व्युत्पत्ती दिली जाते. ‘खान’वरून ‘खानम’ तशीच. वांद्र्याच्या बाजारात एखादी कोळीण परड्यातली पापलेटे उलटीपालटी करीत गिऱ्हाइकाला ‘बेगमसाब’ म्हणून साद घालते तेव्हा आशिया खंडाच्या मध्यावरचा एक प्रत्यय कोणालाही नकळत तिच्या तोंडून निघून जातो.

दुसरा पाहुणा जास्त उघड आहे. मशालची, तोफची, खजानची या शब्दांतला ‘ची’ धंद्याचा तुर्की प्रत्यय. लहानपणी मला ‘मशालची’ हा शब्द ‘मशालीची’ असे काहीतरी अर्धवट म्हणायचे राहून गेल्यासारखा वाटे. मासळीला तुर्कीत ‘बालिक’ म्हणतात. मग मच्छीमार कोण? ‘बालिकची’. मशालची आणि बालिकची एका पंक्तीचे.

खारदांड्याच्या बंदरावर मासळीचे वाटे पडताना पाहिले म्हणजे षष्ठीचा व्यवहार पुस्तकाबाहेर कसा चालतो ते दिसते. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना डोल जाळी बांधलेली असतात, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यांत शिरते, आणि होडी परत आली की बोंबील, जवळा, मांदेली असे निवडून ढीग लागतात. त्या ढिगांची जी वाटणी होते तिच्यात हक्क केवळ माणसांचा नसतो. ‘यो वाटा कोनाचा?’ असे विचारले तर ‘जाल्याचा’ असे उत्तर येते. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा आणि माणसागणिक वेगळा. जाळ्याचा वाटा अखेर जाळ्याच्या धन्याकडेच जातो हे खरे, पण वाटणीच्या क्षणी धनी म्हणून नाव घेतले जाते ते जाळ्याचे. तुर्कीत वाट्याला ‘पाय’ म्हणतात, आणि होडीचा वाटा म्हणजे ‘तेकनेनिन पायी’. तिथेही होडी मालकीण होते आणि वाट्याच्या अंगावर ‘तिचा’ असा शिक्का बसतो. ज्या वस्तूची आपण मालकी सांगतो तीच दुसऱ्या क्षणी स्वतः मालक होऊ शकते, ही सोय षष्ठीने दिली आहे. कायद्याने ती अद्याप पुरती मान्य केलेली दिसत नाही.

तुर्की आणि मराठी यांच्यात मला सर्वांत जवळचे साम्य वाटले ते एका उणिवेत. दोघींनाही जवळ बाळगणे या अर्थाचे सर्वसाधारण क्रियापद नाही. इंग्रजीत जे एका लहानशा क्रियापदाने साधते ते दोघी ‘असणे’ वापरून साधतात. तुर्की म्हणते ‘एविम वार’, म्हणजे माझे घर आहे. ‘पाराम वार’, माझा पैसा आहे. ‘कार्देशिम वार’, माझे भावंड आहे. आणि नसले तर सर्वांना एकच ‘योक’. घर, पैसा, भावंड, सगळ्यांना एकच मापाचा प्रत्यय. मराठी मात्र इथे अत्यंत चोखंदळ आहे. ‘मला दोन बहिणी आहेत’ असे म्हणताना ती चतुर्थीकडे जाते. ‘माझ्याकडे छत्री आहे’ म्हणताना शब्दयोगी अव्ययाकडे. ‘तळ्याकाठी माझे घर आहे’ म्हणताना षष्ठीकडे. ‘माझ्याकडे बहीण आहे’ असे कोणी म्हटले तर ती चार दिवस राहायला आली आहे एवढाच बोध होतो. रक्ताचे नाते, हातची चीजवस्तू आणि जमीनजुमला यांची तीन वेगळी खाती मराठीने न सांगता उघडून ठेवली आहेत. हा भेद व्याकरणाच्या पुस्तकात एक परिच्छेद व्यापतो, पण वसाहतीच्या आणि इमारतींच्या कोंडमाऱ्यात सापडलेल्या कोळीवाड्यात त्याला धार येते. मासळी वाळविण्याच्या मोकळ्या जागेविषयी ‘जागा आमची आहे, पण आमच्याकडे तिचा कागद नाही’ हे वाक्य वरळीला, वर्सोव्याला किंवा दांड्याला ऐकू येते तेव्हा वहिवाट आणि दप्तर यांचा सारा झगडा ‘आमची’ आणि ‘आमच्याकडे’ या दोन पदांच्या मधल्या अंतरात मावलेला असतो. सात-बाराच्या उताऱ्यावर कब्जेदाराचा रकाना आहे. षष्ठीला रकाना नाही. हे वाक्य तुर्कीत आणले तर ‘आमची’ आणि ‘आमच्याकडे’ ही दोन्ही पदे एकाच प्रत्ययाच्या मापाची होतील की काय, अशी मला शंका आहे.

‘आमची’ म्हटले की मराठीची आणखी एक श्रीमंती पुढे येते. आमचे आणि आपले यांतला भेद तुर्कीला माहीत नाही. तिच्या ‘इमिझ’मध्ये ऐकणारा आत आहे की बाहेर, हे कळत नाही. ‘आमचे बंदर’ म्हणणारा नाखवा समोरच्याला बाहेर ठेवतो, ‘आपले बंदर’ म्हणणारा त्याला होडीत घेतो, आणि बांद्रा-वर्सोवा सागरी सेतूच्या खांबांवरून गावात बोलणी चालतात तेव्हा कोणत्या वाक्यात ‘आमचे’ आले आणि कोणत्या वाक्यात ‘आपले’, यावरून वक्ता कोणाला कोणत्या बाजूला बसवतो ते ओळखता येते. परंतु तुर्कीनेही आपलेपणाची एक वाट काढली आहे, आणि ती विलक्षण आहे. नियमाने ‘बिझिम’ म्हणजे आमचा, यानंतर येणाऱ्या वस्तूला ‘इमिझ’ हवाच. पण घरगुती बोलण्यात, जिथे सर्वांचे मिळून एक घर किंवा एक गल्ली असते, तिथे नुसते ‘बिझिम एव’, ‘बिझिम महल्ले’ असे म्हणतात. महल्ले म्हणजे आपला मोहल्ला. मालकी सांगण्याची गरज जिथे कमी तिथे प्रत्यय गळतो. आणि ही मोकळीक विशेषेकरून ‘आमच्या’पुरतीच आहे, ‘माझ्या’ला ती सहसा मिळत नाही.

पुणेरी पुस्तकांतून जी षष्ठी आपण शिकलो ती महाराष्ट्रात सर्वत्र एकसारखी नांदते असेही नाही. दांड्याच्या आणि एकंदर उत्तर कोकण किनाऱ्याच्या कोळी बोलीत ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणतात. सह्याद्री ओलांडून खानदेशात गेले की अहिराणीत ‘मना’ म्हणजे माझा: मना भाऊ, मनी बहीण. किनाऱ्यावर जो शब्द घेणाऱ्याचा, तोच तापीच्या खोऱ्यात मालकाचा. गोमंतकात ‘म्हाका’ आणि ‘म्हजें’ असे दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत, आणि फादर स्टीफन्स यांचे कोंकणी व्याकरण रायतूरला १६४० साली छापले गेले, म्हणजे दादोबांच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी या प्रत्ययांची गणती कोणीतरी करून ठेवली होती. एकाच भाषाकुळातल्या, शेजारी-शेजारी नांदणाऱ्या बोलींना जे एकमताने ठरविता आले नाही ते तुर्की भाषांनी बोस्फरसपासून समरकंदापर्यंत बऱ्याच अंशी सारखे ठेवले: उझबेकीतही माझे घर ‘उयिम’ आणि त्याचे घर ‘उयी’.

तुर्कीतील एका मोठ्या निबंधकाराने आपले टोपणनावच या प्रत्ययावर रचले. जेवात शाकिर या लेखकाला एका लेखापायी १९२५ साली बोद्रुम या समुद्रकाठच्या गावी हद्दपार करण्यात आले. शिक्षा संपल्यावरही त्याने वर्षानुवर्षे तेच गाव धरले, कोळ्यांत आणि स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांत मिसळला, आणि गावाच्या प्राचीन ग्रीक नावावरून ‘हालिकार्नास बालिकचीसी’ म्हणून लिहू लागला. मराठीत याचे भाषांतर ‘हालिकार्नासचा कोळी’ असे होईल आणि ‘चा’ गावाला लागेल. मूळ नावात गावाला काहीच लागलेले नाही. ‘सी’ लागला आहे तो कोळ्याला. गाव जसेच्या तसे, आणि माणसाच्या अंगावर ‘त्या गावाचा’ ही खूण.

दांड्यात अनोळखी पोर दिसले की म्हातारी मंडळी ‘कोनाचा रं तू?’ असे विचारतात. षष्ठीचे रूप एकटेच उभे, त्यापुढे नाम नाही, आणि उत्तरही बापाच्या किंवा आजाच्या नावाला ‘चा’ लावून येते. अनातोलियाच्या खेड्यात याच प्रसंगी ‘किमलेरदेनसिन?’ असे विचारतात. मालकीचे एवढे अवडंबर माजविणाऱ्या भाषेने इथे मालकीचा प्रत्यय टाकून दिला आहे: ‘किम’ म्हणजे कोण, ‘लेर’ अनेकवचनाचा, ‘देन’ पंचमीचा आणि ‘सिन’ म्हणजे तू आहेस, तू कोणांमधून आहेस? देशावरची माणसे सोयरीक काढताना ‘तुम्ही कुठल्या जोश्यांपैकी?’ म्हणतात ते जवळजवळ हेच.